पादसेवन

आपल्या घरांत पायांचा मान मोठा आहे. परीक्षेला जाताना, प्रवासाला निघताना, सणावाराच्या पहाटे वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावाचून उंबरठा ओलांडायचा नाही, ही शिस्त होळकरांच्या पदरी चाकरीला आलेल्या आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून माळव्यात आणली. इतक्या पिढ्यांनंतर आपल्या नातवंडांची मराठी निम्मीअधिक हिंदी झाली, वाडे जाऊन बहुमजली इमारती आल्या. पण दिवाळीच्या पहाटे पोरे ओळीने वाकतात ती अजून वाकतातच. दत्ताच्या म्हणून आपण मूर्तीइतक्याच भक्तीने पादुका पूजतो. नवविधा भक्तीत चौथी भक्तीच मुळी पादसेवनाची. भाषेत पाहावे तर पायगुण आहे, पायधूळ आहे, पायरी आहे, पायपीट आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश आहे आणि पायीची वहाण पायी बरी हा टोमणाही आहे.

इतके सारे असूनही पाय हा अवयव आपण पाहत मात्र नाही. त्याला शिवतो, त्याच्यापुढे वाकतो आणि डोळे मिटून घेतो. हे वाक्य मी कोणा दुसऱ्यास दोष देण्याकरिता लिहीत नाही. एकदा मुलगा म्हणून आणि एकदा स्वतःच्या देहाचा मालक म्हणून, अशी दोनदा या चुकीची किंमत मी मोजली आहे. सभेच्या या पत्रिकेचे बहुसंख्य वाचक माझ्याच वयाचे, म्हणजे साठीच्या पलीकडचे आहेत. त्यांच्यापुढे हा अनुभव मांडावा असे वाटले.

माझे वडील होळकर संस्थानच्या महसूल खात्यात उमेदवारीला लागले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. वडील मात्र त्याच खात्यात, त्याच पायांवर राहिले. गावोगाव हिंडून पिकांची आणेवारी पाहायची, बांधांचे तंटे सोडवायचे, ही सारी नोकरी त्यांनी बहुतांशी पायी केली. निवृत्तीनंतर आमच्या जुन्या घराच्या ओटीवर, झोपाळ्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पायपिटीच्या कथा सांगत. त्यांना ‘थोडी साखर’ होती. त्या काळी घरोघरी हाच शब्द होता. साखर थोडी असे आणि पथ्य त्याहून थोडे.

१९८६ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. मी तेव्हा आलिराजपूरला नायब तहसीलदार होतो. आलिराजपूर त्या वेळी झाबुआ जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा २००८ मध्ये झाला. रस्ते असे होते, की शनिवारी निघालेला माणूस रात्री उशिरा इंदुरास पोहोचे आणि रविवारी दुपारी पुन्हा बस धरी. निघताना मी झोपाळ्यापाशी जाई, वाकून वडिलांच्या पावलांवर हात ठेवी आणि तो हात कपाळाला लावी. धोतराचा सोगा पावलांवर आलेला असे. आषाढापासून आश्विनापर्यंत मी असा चार वेळा नमस्कार केला. चारही वेळा ती जखम माझ्या बोटांपासून दोन इंचांवर होती. मी नमस्कार केला, पाहिले नाही.

त्यांनीही सांगितले नाही. लपवावे असा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना दुखतच नव्हते. “दुखत नाही तर डॉक्टर कशाला?” असे ते आईला म्हणत आणि हळद दाबून वर फडके बांधीत. शेवटी वास येऊ लागला, तेव्हा आईने शेजारच्याकडून मला ट्रंक कॉल लावला. दिवाळी झाली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रुग्णालयातून घरी आल्यावर मी पहिल्यांदा नमस्काराला वाकलो, तेव्हा हात ठेवायला एकच पाऊल होते. मी तसाच थबकलो. ते म्हणाले, “असू दे रे. एकाला केलास तरी पोचतो.” पुढे १९९१ पर्यंत ते होते. पायपिटीच्या कथा मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितल्या नाहीत.

असा धडा घरात मिळाल्यावर मुलगा शहाणा व्हावा. मी झालो नाही. उलट पायांविषयीचा वडिलांचा अभिमान तेवढा मी वारशाने घेतला. नोकरीत मी झाबुआ, धार, खरगोन अशा मुलखांत हिंडलो. जीप जाईना तेथे चालत गेलो. पन्नाशी उलटल्यावर मलाही साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचा सराफा यांत थोडी काटछाट केली; थोडीच. इंदूरच्या माणसाला मधुमेहाचे पथ्य सांगणे म्हणजे माशाला पाणी कमी पी म्हणण्यासारखे आहे. देशातही आता काही वेगळे चित्र नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला आहे. एवढ्या मोठ्या मेळ्यात आपण एक, असे मनाशी म्हणून मी निश्चिंत होतो.

निवृत्तीनंतर एकच मोठी इच्छा होती. नर्मदेची पायी परिक्रमा. मैया इंदुरापासून हाकेच्या अंतरावर आणि जन्म तिच्याच पाण्यावर गेला. कारण १९७८ पासून आपल्या नळांना येते ते नर्मदेचेच पाणी. दोन्ही तीर मिळून २,६०० किलोमीटरांहून अधिक चाल, नदी कुठे ओलांडायची नाही, मुखाशी तेवढी नावेने खाडी पार करायची. जुन्या रीतीने ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस. आम्ही तिघे मित्र सहा-सात महिन्यांत करू म्हणत होतो. कार्तिकात निघायचे ठरले. सराव म्हणून २०२२ च्या मे महिन्यात आम्ही ओंकारेश्वरी मांधाता बेटाची प्रदक्षिणा करायला गेलो. वाट सुमारे सात किलोमीटरांची. पायाला सवय हवी म्हणून अनवाणी चालायचे, ही कल्पना माझीच.

सकाळी साडेनऊला निघालो. अकरानंतर वाटेवरच्या फरश्या तापल्या. दोघे मित्र एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारू लागले; एकाने तर उपरणे फाडून तळव्यांना गुंडाळले. मी मात्र गौरी सोमनाथापासून शांतपणे उतरत होतो. मला काहीच होत नव्हते. “हे पाय महसूल खात्याचे आहेत,” असे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. आज ते वाक्य आठवले, की अंगावर काटा येतो.

संध्याकाळी घरी पोहोचलो. हातपाय धुऊन, पुसून दिवाणखान्यात येऊन बसलो. थोड्या वेळाने पत्नी आतून आली आणि दारातच थांबली. “अहो, उठू नका,” ती म्हणाली, “तुमच्या पायांना काय लागलंय?” पांढऱ्या फरशीवर न्हाणीघरापासून खुर्चीपर्यंत ओलसर, तांबूस पावले उमटली होती. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड येऊन फुटले होते आणि उजव्या चवड्याची कातडी रुपयाएवढी सुटून लोंबत होती. मी ती पाहत होतो; पण ती माझी आहे असे मला वाटत नव्हते. दुखतच नव्हते ना!

आणि मग मी काय केले असेन? हळद दाबली. चार दिवसांनी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तेथे मलम आणि गोळ्या मिळाल्या. चालू नका असे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. बाजारहाट, बँक, सकाळचा फेरफटका सारे चालू होते. तीन आठवड्यांत डावा पाय भरला. उजव्या चवड्याची जखम मात्र खोल गेली आणि कडेने लाली वर चढू लागली. माझ्या मुलाने शेवटी विचारणे सोडून दिले आणि सरळ गाडीत घालून शल्यचिकित्सकाकडे नेले.

डॉक्टर तरुण होते, माळव्यातलेच. जखम पाहण्याआधी त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. “मी पायाला स्पर्श करीन, जाणवला की हो म्हणा.” मी डोळे मिटून, शाळकरी पोरासारखा कान टवकारून बसलो. बराच वेळ गेला. एकदा घोट्याजवळ काही हुळहुळले, मी ‘हो’ म्हणालो. पुन्हा शांतता. मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, सुरू करा ना.” त्यांनी डोळे उघडायला सांगितले. हातात मासे धरण्याच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा एक तंतू होता. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. दहा ग्रॅमइतका दाब पडला की तो वाकतो. तो त्यांनी दोन्ही तळव्यांवर ठिकठिकाणी टेकवून झाला होता. मला एकही स्पर्श कळला नव्हता. ते म्हणाले, “तुमच्या पायांचा आजार हाच आहे, की ते तक्रार करीत नाहीत.”

पुढे त्यांनी समजावून दिले ते असे. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू आधी झिजतात आणि सर्वांत लांब तंतू पायांचे. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. घाम आणणाऱ्या नसाही जातात. कातडी कोरडी पडून भेगाळते. पावलातील लहान स्नायू दुबळे होतात, बोटे वाकडी होतात आणि अंगाचा भार एकाच ठिकाणी पडू लागतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर भरणारी जखमही भरत नाही. माझ्या नशिबाने रक्तपुरवठा ठीक होता. मेलेली कातडी काढून संसर्ग आटोक्यात आणल्यावर त्यांनी पायाला घट्ट बसणारे एक विशेष प्लास्टर घातले. भार एका ठिकाणी न पडता साऱ्या पावलावर आणि पोटरीवर वाटला जावा हा त्याचा उद्देश. “औषध निम्मे काम करील, निम्मे काम न चालण्याने होईल,” असे ते म्हणाले. न चालण्याचे ते औषध मी अकरा आठवडे घेतले.

त्या अकरा आठवड्यांत मुलाने मला एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. वेदना ही कोणालाच नको असलेली देणगी आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. लेखक डॉ. पॉल ब्रँड. मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ मध्ये तमिळ मुलखातील कोल्ली टेकड्यांत जन्मलेला हा शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आला आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागला. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग्यांचे झडलेले हातपाय मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. ती बोटे रोगाने आपोआप कुजून गळतात, असाच तोवरचा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोग मारतो तो नसांना. पुढचा नाश रोज होणाऱ्या आणि न कळणाऱ्या लहानसहान जखमांनी होतो. चटका बसतो, खिळा रुततो, चप्पल घासते. आणि रुग्ण त्याच पायावर चालत राहतो, कारण थांबवणारे कोणी नसते.

१९५३ मधली त्यांची एक आठवण पुस्तकात आहे. प्रवासाने थकून ते लंडनला पोहोचले. मोजा काढताना टाचेला स्पर्श कळेना. सुई टोचली, दुखेना. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या धसक्यात त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि अशी कळ आली, की तो माणूस आनंदाने ओरडला. आदल्या रात्री एकाच स्थितीत बसून नस दबली होती, एवढेच. त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. हे वाचताना मला आमचा झोपाळा दिसला आणि “दुखत नाही तर डॉक्टर कशाला?” हा प्रश्न ऐकू आला. वडिलांनी जे दुर्लक्ष करण्याचे कारण मानले होते तेच धावत सुटण्याचे कारण होते. पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेले हेच शास्त्र मधुमेहींच्या पायांना लावले. माझ्या पायावरचे प्लास्टर त्याच परंपरेतले होते.

ऑगस्टअखेर जखम भरली. कार्तिकात मित्र परिक्रमेला गेले. मी त्यांना निरोप द्यायला ओंकारेश्वरी गेलो, गाडीतून. घाटावरून वर येताना वाईट वाटले, हे लपवीत नाही. परतल्यावर सकाळचा फेरफटका पुन्हा सुरू केला, नव्या बुटांत. आणि एक गोष्ट ध्यानी आली. पूर्वी मी समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाही, आता आधी पायांकडे पाहू लागलो होतो. बागेतल्या आमच्या कट्ट्यावर दहा-बारा निवृत्त मंडळी बसतात. त्या वीस-बावीस पायांत मिळून, मला वाटते, पायांचे सारे शास्त्र भरले आहे.

एक निवृत्त प्राचार्य सकाळी अंथरुणातून पहिले पाऊल टाकताना कळवळतात. चार पावले गेली की दुखणे ओसरते. “टाचेचे हाड वाढले आहे,” असे ते क्ष-किरणाचे चित्र दाखवून सांगत. असे वाढलेले हाड ज्यांची टाच मुळीच दुखत नाही अशा पुष्कळांच्याही चित्रांत दिसते. दुखतो तो बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळव्याचा पट्टा. घरात फरशीवर अनवाणी फिरणे बंद केले, मऊ पण टाचेला आधार देणारी चप्पल घातली आणि भिंतीला हात टेकून पोटरी व धोंडशीर ताणण्याचा व्यायाम रोज केला, तर बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत जाते. प्राचार्यांचे गेले. महिने लागतात, हे मात्र आधी सांगावे लागते. आपण आठवड्यात निराश होतो.

दुसरे एक गृहस्थ कुरूप स्वतः पात्याने कापीत. कुरूप आणि घट्टा ही कातडीने दाबाविरुद्ध बांधलेली तटबंदी असते. दाब तसाच ठेवून तट पाडला तर तो पुन्हा उभा राहणारच. बूट बदलावा लागतो, पात्याचा काही उपयोग नाही. कुरूप उतरवण्याच्या ज्या पट्ट्या दुकानात मिळतात, त्यांत आम्ल असते. मधुमेहींनी त्या लावू नयेत, कारण ते आम्ल कुरूप कोणते आणि चांगली कातडी कोणती हे ओळखत नाही.

तिसऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पावसाळाभर चिखल्या. ते पाय धूत, पण बेचके पुसत नसत. ओल राहिली की बुरशी वाढते, कातडी चिरते आणि त्या चिरेतून शिरलेला संसर्ग कधी कधी पोटरीपर्यंत चढून ताप आणतो. याच्या नेमके उलट टाचांच्या भेगांचे. तेथे ओलावा हवा असतो. रात्री पाय धुऊन टाचांना व्हॅसलीन किंवा तेल चोळावे, बेचक्यांत मात्र लावू नये. आपल्या आज्या काशाच्या वाटीने तळव्यांना तूप चोळीत. वाग्भटानेही तेल लावावे ते विशेषेकरून डोक्याला, कानांना आणि पायांना, असे सांगितले आहे. त्या चोळण्यात तुपाइतकाच मोठा गुण मला आता वेगळाच वाटतो. वाटी फिरवणारी बाई रोज दिव्याच्या उजेडात तो तळवा पाहत असे.

पाऊल सोडून जरा वर या. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते उगाच नाही. पायांतले रक्त वर चढवायला शिरांमध्ये झडपा असतात आणि चालताना पोटरीचा स्नायू ते रक्त वर ढकलतो. तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, दुकानदार, ओट्याशी उभ्या असणाऱ्या आपल्या गृहिणी यांच्या झडपा सैल होतात, शिरा निळ्या गाठींसारख्या फुगतात, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळवंडते आणि पुढे तेथे व्रण होतो. संध्याकाळी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडणे, चालते राहणे आणि डॉक्टरांनी रोहिण्यांचा रक्तपुरवठा तपासून सांगितले तर सकाळी उठल्याउठल्या घट्ट मोजे चढवणे, हे उपाय साधे आहेत. माझ्या वहिनींनी ते वेळेवर केले.

सूजेच्या बाबतीत आम्ही कट्ट्यावर एक नियमच केला आहे. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी करायची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. पण एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर चोळत बसायचे नाही; त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी धरते, उभे राहिले की सुटते, पुन्हा तितक्याच अंतरावर धरते, असे ज्यांना होते त्यांनी वय झाले असे म्हणू नये. ते रोहिणी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. तंबाखू सोडायला याहून स्पष्ट नोटीस मिळणार नाही.

माझा स्वतःचा नित्यक्रम आता ठरला आहे. सकाळी बूट घालण्याआधी तो उलटा करून झटकतो आणि आत हात फिरवतो. एकदा त्यातून नातवाचा खेळण्यातला तुकडा निघाला. तो दिवसभर पायाखाली राहिला असता तर मला पत्ता लागला नसता. मोजे फिकट रंगाचे, म्हणजे डाग दिसतो. पाण्याची ऊन कोपराने पाहतो, पायाने नाही. नखे सरळ कापतो, कोपऱ्यांत शिरत नाही. नवे बूट संध्याकाळी घेतो, कारण तोवर पाय किंचित सुजलेला असतो. देवळात मोजे काढत नाही. पुजारी कधी काही बोलले तर दोन शब्दांत कारण सांगतो. वर्षातून एकदा तो नायलॉनचा तंतू आणि मी समोरासमोर बसतो. गेलेली संवेदना परत आलेली नाही, येण्याची फारशी आशाही नाही. जे काम वेदना करीत असे, ते आता डोळ्यांनी करायचे आहे.

आणि वाकता येत नसेल तर डोळे दुसऱ्याचे लागतात. रात्री पत्नी टॉर्च घेऊन बसते. आरंभी मला संकोच वाटे. आयुष्यभर अधिकारी म्हणून वावरलेला माणूस बायकोपुढे पाय पसरून बसतो, हे मनाला पटत नव्हते. एके दिवशी तिचे पाहून झाल्यावर मी तिला म्हटले, “आता तुझे दाखव.” ती लाजली, म्हणाली, “माझ्या पायांना काय झालंय?” तिच्या दोन्ही टाचांना करंगळीचे नख मावेल एवढ्या भेगा होत्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या कधीपासून होत्या, हे मला सांगता येईना.

मागच्या पौषात मी मांधाता बेटाची प्रदक्षिणा पुरी केली. पहाटे गारठ्यात निघालो, बुटांत, मोज्यांत, दर अर्ध्या कोसावर थांबून. परिक्रमा करून आलेला मित्र बरोबर होता. वाटेत दोनदा मी कठड्यावर बसून मोजे काढले आणि तळवे पाहिले; त्याने निमूटपणे टॉर्च धरला. काही नव्हते. पुढे चाललो. सात किलोमीटर म्हणजे मैयाच्या मोठ्या वाटेचा फार लहान तुकडा. पण माझ्या वाट्याला आला तो मी चाललो.

या दिवाळीला आपली मुले-नातवंडे पाया पडायला येतील. आशीर्वाद द्यावाच. पण वाचकहो, तुमचे आईवडील अजून असतील तर त्यांच्यापुढे वाकल्यावर क्षणभर अधिक थांबा. धोतराचा सोगा, साडीचा काठ हलकेच बाजूला करा आणि पाहा. कोणी विचारले तर सांगा, नमस्कार करतो आहे.